शिकवणीची फी घेण्याआधी

पोरी, टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला चालली आहेस आणि तिथे लहान मुलांना शिकवून हातखर्च काढायचा म्हणतेस. विचार चांगलाच आहे. पण तिथे तुला दोन नियम लागू होतील, आणि एकाने दिलेली मुभा दुसऱ्याला मान्य असतेच असं नाही.

पहिला एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संघटनेचा. खेळाडूने फी घेऊन शिकवायला त्यांची ना नाही. मात्र जेवढं काम केलं तेवढेच पैसे, तेही त्या गावात चालणाऱ्या दराने. फी शिकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच द्यायची. संघाच्या एखाद्या श्रीमंत चाहत्याने परस्पर पाकीट पुढे केलं तर हात लावू नकोस. कोणाला शिकवलं, किती घेतले, ही नोंद कॉलेजकडे दे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमावता येतं. तिथल्या मुली आपल्या शिकवण्यांच्या जाहिराती बिनधास्त करतील. त्यांचं बघून तू करू नकोस.

कारण दुसरा नियम व्हिसाचा, आणि खरा कडक तोच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. बाहेरच्या क्लबात किंवा कुणाच्या घरामागच्या कोर्टवर परवानगीशिवाय एक तास जरी पैसे घेऊन शिकवलंस तरी तो व्हिसाचा भंग. रोख घेतले म्हणून सुटका नाही. खेळण्याची पात्रता गेली तर अर्ज करून ती परत मिळू शकते. व्हिसा बिघडला तर शिक्षणच अडतं.

उन्हाळी शिबिराचं मात्र जमू शकेल. सुट्टीत कॅम्पसवर पूर्णवेळ कामही चालतं. फक्त पगार कोणाच्या नावाने निघतो ते विचार. काही शिबिरं भरतात कॉलेजच्या कोर्टवर, पण ती चालवते प्रशिक्षकाची खासगी कंपनी. जागा कॉलेजची म्हणून नोकरी कॉलेजची ठरत नाही.

बरोबर कुणी गोल्फ खेळणारी असेल तर तिलाही सांग: काही ठरावीक अपवाद सोडले, तर शिकवण्याचे पैसे घेतल्यावर गोल्फमध्ये हौशी खेळाडूचा दर्जाच जातो.

प्रशिक्षक तोंडी ‘चालेल’ म्हणाले तरी त्यावर विसंबू नकोस. पहिली शिकवणी ठरवण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय आणि खेळ विभागातलं कम्प्लायन्स ऑफिस, दोन्हीकडे ईमेल कर. दोघांचं लेखी उत्तर येईपर्यंत कुणाकडून एक डॉलरही घेऊ नकोस.