वस्तऱ्यास धार कशी लावावी?

आपल्या हैदराबाद शहरात दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. मोडकी कुलुपे, बिनकाट्यांची घड्याळे, एकेकटे जोडे अशा वस्तूंच्या राशीत मला एकदा दोन जुने वस्तरे दिसले. दोहोंची मिळून किंमत न्हाव्याच्या दुकानातील पाच-सहा दाढ्यांएवढी होती. घरीच दाढी करावी, पात्यांचा नित्याचा खर्च वाचवावा, अशा विचाराने मी ते घेतले. त्यांपैकी पहिला वस्तरा मी आठ दिवसांच्या आत कायमचा निकामी केला. तो कसा निकामी झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

मी तो रस्त्यावरील चाकावर धार लावणाऱ्यास दिला. ठिणग्यांचा वर्षाव झाला, पाते लखलखू लागले आणि धारेजवळ एक सुंदर निळसर पट्टा उमटला. मी मोठ्या समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्या वस्तऱ्याने चार केस कापले आणि पाचव्याला ओढ बसून डोळ्यांत पाणी आले. तो निळा रंग शोभेचा नव्हता. साधे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर असा रंग येतो. लोहार तापलेले पोलाद पाण्यात अथवा तेलात बुडवून त्याला ‘पाणी’ देतो, मग बेताचीच ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवितो. वस्तऱ्याच्या पोलादाला ही ऊब सुमारे २०० अंशांची असते. तिच्यापलीकडे ते तापले की त्याचा कठीणपणा कमी होतो, म्हणजे त्याचे पाणी उतरते. धारेची कड इतकी पातळ असते की चाकाच्या घर्षणाने ती क्षणार्धात तापते. यात त्या कारागिराचा दोष नाही. त्याचे चाक विळ्या-सुऱ्यांसाठी आहे, आणि वस्तरा त्याच्या हाती देणारा मी होतो.

दुसरा वस्तरा मी आमच्या गल्लीतील एका वृद्ध न्हाव्याकडे घेऊन गेलो. आता त्यांच्या दुकानातही अर्धे पाते बसविण्याचाच वस्तरा असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे ते पाते बदलतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भयाने ही पद्धत रूढ झाली आणि ती योग्यच आहे. परंतु त्यांची उमेदवारी अखंड पात्याच्या वस्तऱ्यावर झाली होती. माझा वस्तरा उलटासुलटा पाहून ते म्हणाले, “मास्टरसाब, पत्थर पे जोर नक्को. उस्तरा अपने वजन से चलना.” पुढे सहा महिने मी जे शिकलो, ते सारे या दोन वाक्यांत होते, मात्र ते समजण्यास मला सहा महिने लागले.

वस्तऱ्याची घडण नीट पाहावी. त्याचा पाठीचा कणा जाड असतो आणि तेथून पाते खोलगट होत धारेपर्यंत निमुळते होते. दगडावर पाते आडवे ठेवले असता कणा आणि धार या दोनच जागा दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन आपल्या हाताने धरावा लागत नाही, तो कणाच ठरवितो. ज्यांनी त्रिकोणमितीचा आरंभ केला आहे त्यांनी हे गणित करून पाहावे. माझ्या वस्तऱ्याचा कणा ५ मिलिमीटर जाड आणि पाते १९ मिलिमीटर रुंद आहे. अर्ध्या जाडीस रुंदीने भागले म्हणजे अर्ध्या कोनाची साइन मिळते. ती सुमारे ०.१३ येते, अर्धा कोन साडेसात अंश आणि पूर्ण कोन १५ अंश. स्वयंपाकघरातील सुरीचा कोन याच्या दुप्पट वा अधिक असतो. घासताना कणाही धारेबरोबर थोडाथोडा झिजतो, म्हणून कोन पुष्कळ काळ तसाच राहतो. या रचनेत ज्याने कणा उचलून ‘लवकर धार यावी’ असा प्रयत्न केला, त्याने सगळेच बिघडविले!

स्वस्त वस्तऱ्यात दोन दोष संभवतात. पहिला पोलादाचा. पात्याच्या मागील, धार नसलेल्या दांड्याशी कानस हलकेच फिरवावी. कानस घसरत गेली तर पोलाद कठीण, आणि तिने सहज कीस काढला तर मऊ. मऊ पोलादावर श्रम करण्यात अर्थ नाही. दुसरा दोष वाकडेपणाचा. काचेच्या तुकड्यावर पाते ठेवून पाहावे. ते डुगडुगले तर कडेच्या काही भागाला दगड लागणार नाही. मी धारेच्या कडेला काळी शाई लावतो आणि दगडावर दोन-चार हात फिरवितो. जेथे शाई उरते तेथे दगड पोचलेला नसतो, हे डोळ्यांना दिसते.

दगड सपाट हवा. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो घासून घ्यावा. आरंभ १००० क्रमांकाच्या दगडावर, पाणी शिंपडून. धार पुढे आणि कणा मागे अशा रीतीने पाते सरकवावे. टोकाशी पोचताच ते कण्यावरून उलटावे, धारेवरून कदापि नाही. दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून बुंध्यापर्यंत एकमेकांस भेटले पाहिजेत. ते भेटले की नाही हे दिव्याखाली कळते, कारण बोथट कड प्रकाशात पांढऱ्या रेषेसारखी चमकते आणि खरी धार दिसेनाशी होते. मी या पहिल्या दगडावर तीन संध्याकाळ घालविल्या. हात किती फिरवावे ही संख्या कोणी सांगितली तरी मानू नये, ती प्रत्येक वस्तऱ्याची निराळी असते. नंतरचे ४००० आणि ८००० चे दगड केवळ आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करण्यासाठी आहेत. पहिले काम अपुरे राहिले असेल तर ते भरून काढण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, हे मला फार उशिरा उमगले.

शेवटी चामड्याचा पट्टा. तो दाराच्या कडीला अडकवून ताठ धरावा. येथे दिशा उलट, म्हणजे कणा पुढे व धार मागे. नाहीतर पट्टा कापला जाईल. चाळीस-पन्नास हात पुरतात. हे काम दर दाढीपूर्वी करावे, दगडाचे काही महिन्यांतून एकदा.

इतक्या कठीण पोलादाची धार मऊ केसाने का जावी, असा प्रश्न तुम्हांस पडेल. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी दाढीची पाती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धार केवळ झिजून जात नाही. कापताना केस वाकतो, धारेवर तिरकस जोर पडतो आणि पोलादाची घडण जेथे विषम असते तेथे कडेचा सूक्ष्म कपचा उडतो. पोलाद जितके एकसारखे, तितकी धार टिकाऊ.

या संदर्भात आपल्या प्रदेशाचा एक धागा सांगण्याजोगा आहे. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् गावी मातीच्या बंद मुशींत लोखंड तापवून पोलाद करीत. तेलुगूत पोलादास ‘उक्कु’ म्हणतात. युरोपात प्रसिद्धी पावलेल्या ‘वूट्झ’ पोलादाच्या नावाचा संबंध याच कुळातील शब्दाशी लावतात. या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का असे. हेन्री वॉयसी या भूगर्भतज्ज्ञाने कोनासमुद्रम् येथील भट्ट्यांचे केलेले वर्णन १८३२ साली छापले गेले. पोलाद विकत घेण्यास इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी त्याला तेथे भेटला होता. त्याच सुमारास लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रे व वस्तरे करणारा कारागीर भारतीय वूट्झला युरोपातील उत्तम पोलादाहून श्रेष्ठ मानीत असे. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने त्याच्यासह वूट्झचे गुण कृत्रिम रीतीने आणता येतात का, याचे प्रयोग केले आणि १८२० व १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले. त्या प्रयोगांतील मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले होते. विजेच्या शोधांसाठी आपण ज्याला ओळखतो, तो एके काळी वस्तऱ्याच्या पोलादात गढलेला होता!

माझा वस्तरा काही कोनासमुद्रम्‌चा नव्हे. तो साध्या पोलादाचा आहे. तरीही आज तो चालतो. तुमच्यापैकी कोणास दगडावरचे काम शिकावयाचे असेल तर घरच्या मोठ्या माणसासमक्ष प्रथम जुन्या सुरीवर शिकावे, वस्तऱ्याला नंतर हात लावावा, आणि दुसऱ्याचा वस्तरा स्वतःच्या गालास कधीही लावू नये. दाढी झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे व खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज चढतो. गालांवर माझा हात आता बसला आहे. हनुवटीखालची खळी मात्र अजून अवघड जाते, आणि परीक्षेच्या दिवसांत, सकाळी घाई असताना, मी ती साध्या पात्यानेच करतो.