पडवीची खोली करताना

शहापूर-मुरबाड भागात घरातूनच शिलाईचा किंवा कापडाचा धंदा करणाऱ्यांना भांडवलाइतकीच जागेची अडचण भासते. माजघरात माणसे, ओटीवर येणारे-जाणारे, मग मशीन मांडायचे कुठे आणि म्हशाच्या पौषी यात्रेत न खपलेला माल ठेवायचा कुठे? अशा वेळी घराच्या बाजूची पडवी बंद करून खोली काढतात. विचार योग्य आहे. पण पहिल्याच पावसाळ्यात त्या खोलीतले तागे कुबट होतात, पांढऱ्या कापडावर काळे ठिपके पडतात आणि गिऱ्हाईक माल परत करते. हे नुकसान टाळण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

अमेरिका-कॅनडाच्या थंड मुलखात ही गरज तळघर भागवते. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. पाया त्या थराच्या खाली न्यावाच लागतो, आणि एवढे खोदल्यावर तळघर करणे सोपे जाते. पुढे त्या भिंतींच्या आत लाकडी चौकट उभी करून खोली तयार करतात. आपल्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे घराखाली खड्डा घेतला तर त्याची विहीर होईल! आपले तळघर म्हणजे पडवीच. मात्र तिथल्या कारागिरांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते नवी चौकट ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवत नाहीत, मध्ये फट ठेवतात.

चौकटीची भिंत आपल्याला नवी नाही. ठाकूर-कातकरी वस्त्यांतला कारवीचा कूड म्हणजे तेच काम. छपराचा भार मेढी, तुळई आणि आढे घेतात. मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा देतात. कुडावर छपराचा भार नसतो, म्हणून तो काढून पुन्हा घालता येतो. पडवी बंद करतानाही हेच सूत्र ठेवावे. जुन्या मेढीला हात लावू नये, तिच्या आधारावर नवी भिंत तोलू नये आणि जागा वाढावी म्हणून ती कापू तर मुळीच नये.

आता ओलीचा मुद्दा. साधी वीट 24 तास पाण्यात ठेवली तर तिने वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानकाला चालते. म्हणजे तीन किलोची एक वीट अर्धा लिटरहून अधिक पाणी पोटात ठेवू शकते. जोत्यातून वर चढणारी आणि बाहेरून झडीने लागणारी ओल अशा शेकडो विटांत साठते. वरून ऑइलपेंट मारला की भिंत कोरडी दिसते, पण ओल आतच कोंडली जाते आणि रंगाला फोड येतात. म्हणून आधी परीक्षा करावी. दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली आहे, आणि तिथे भिंतीवर पैसा घालण्यापेक्षा खिडकी काढणे बरे. ही परीक्षा भर पावसाळ्यात करावी. मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

ओल भिंतीतली असेल तर आधी बाहेरचे काम करावे. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार द्यावा आणि पन्हळ बसवावी. मगच आतली चौकट. ती जुन्या भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी आणि खाली-वर जाळीची भोके ठेवावीत, म्हणजे हवा खेळेल. चौकट थेट जमिनीवर टेकवू नये. विटेचे दोन थर घ्यावेत, त्यावर डांबरी पट्टी अंथरावी आणि मग तळची पट्टी बसवावी. तळ उघडा दिसता ठेवला तर वाळवीची मातीची नळी वेळीच नजरेस पडते.

सिमेंट बोर्ड आठ बाय चार फुटांचा मिळतो. उभे खांब मध्यापासून मध्यापर्यंत दोन फुटांवर घेतले की बोर्डाच्या दोन्ही कडा आणि मधला भाग खांबावर येतो. बारा फूट लांब, आठ फूट उंच भिंतीला सात खांब आणि तीन बोर्ड लागतात. अंतर मनाला येईल तसे घेतले की बोर्ड कापत बसावे लागते, आणि तुकड्यांचे पैसे कोणी परत देत नाही.

खांब सागाचे हवेत की लोखंडी? सागाच्या आतल्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या सागात हे पांढरे लाकूडच अधिक असते. शिवाय माल कुठला आहे ते पाहावे. शहापूर तालुक्याचा बराच भाग तानसा अभयारण्यात येतो. पावतीशिवाय आलेले लाकूड घेणारा विकणाऱ्याइतकाच अडकतो. आम्हाला विचाराल तर जस्त चढवलेला चौकोनी लोखंडी पाइप बरा. भिंत घालण्याआधी ग्रामपंचायतीत, आणि शहापूर-मुरबाड शहरांत नगरपंचायतीत, परवानगीची चौकशी करावी.

पडवी बंद झाली की माजघराचा उजेड आणि चुलीच्या धुराची वाट बंद होते, हे घरातल्या बायकांना आधी विचारावे. त्यांना ते आपल्याहून जास्त कळते. समोरासमोर दोन झरोके ठेवले तर दोन्ही खोल्यांचे भागते. मशीन खिडकीशी असे मांडावे की उजेड डाव्या हाताने येईल. विजेची नळी बोर्ड ठोकण्यापूर्वी टाकावी, अर्थिंग द्यावे आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा स्विच बसवावा. पावसाळ्यात ओल्या पायाने मोटर चालवणारा कारागीर त्याच्यामुळे वाचतो. कापडाचे फडताळ जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून हातभर दूर असावे. मृगापूर्वी सगळे तागे एकदा उन्हात उलटेपालटे करून मगच रचावेत.