खाडीकाठचे काटेरी झुडूप कोणते?

प्रश्न : आमच्या गावच्या खाडीकाठी चिखलात निळी-जांभळी फुले येणारे काटेरी झुडूप आहे. पाने चाटली तर खारट लागतात. हे कोणते?

उत्तर : वर्णनावरून ही ‘मारांडी’ दिसते. अकँथस इलिसिफोलियस हे तिचे शास्त्रीय नाव लिनियसने 1753 मध्ये दिले. अडुळसा, अबोली, कोरांटी ही तिची भावंडेच. हे सदाहरित झुडूप साधारण कमरेएवढे वाढते. पाने समोरासमोर, चिवट, तकतकीत. कडा दातेरी आणि काटेरी. दाट सावलीत मात्र कधीकधी बिनकाट्याची पाने येतात.

खारट चवीचे कारण पानांवरील ग्रंथी. मुळांवाटे आत आलेले जादा मीठ त्या बाहेर टाकतात. पाणी उडून गेले की पानावर मिठाचे कण उरतात. फुलाला वरचा ओठ नसतो, खालचा मात्र रुंद, जणू मधमाश्यांसाठी मांडलेला पाट! बोंड वाळले की तडकते आणि चपट्या बिया दूर फेकते.

ओहोटीच्या वेळी जवळून जरूर निरखा. फक्त उपटून घरी नेऊ नका. काठावरचा गाळ धरून ठेवायला ती तिथेच हवी.