बांध आणि वेदी
मत्तय 5:23-24 येथे प्रभू, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगतो. 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील आपले कॅथलिक बंधु मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी एकमेकांस शांती देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962-65) मिस्सा लॅटिन भाषेत होई. आता ती मराठीत होते, म्हणून न समजल्याची सबब उरली नाही. परंतु बांध कोरणारा व ज्याचा बांध कोरला तो, असे दोघे एकाच सतरंजीवर बसले असतील तर? वचन बारकाईने पाहा. रागावलेल्यास नव्हे, तर ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्यास प्रभू उठवितो. तेव्हा कोरणाऱ्यानेच आधी जावे, व केवळ हात न जोडता घेतलेली वीतभर जमीन परत द्यावी. मोजणीचा खर्चही त्यानेच सोसावा, असे आम्हांस वाटते.