अर्ज आला म्हणजे माल विकला नव्हे

जून जवळ आला की भोकर आणि आसपासच्या खेड्यांतून शाळेच्या गणवेशाची मागणी सुरू होते. पूर्वी आम्ही ती वहीत टिपून घेत असू. पुढे गूगल फॉर्मवर घेऊ लागलो आणि ‘इतक्या जोडांपैकी इतके नोंदले’ असा फलक दुकानाच्या वेबसाइटवर लावला. पहिल्याच वर्षी त्या फलकाने आम्हालाच फसवले. आलेला प्रत्येक अर्ज आम्ही त्यात धरला, त्या भरवशावर ठाण मागवले, शिंप्यांना काम दिले. पुष्कळ गिऱ्हाईक फिरकलेच नाही. कापड पडून राहिले, शिंप्यांची मजुरी मात्र द्यावीच लागली.

ही अडचण मोठ्या कामांतही येते. राज्याच्या वन विभागाने 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. लोकांनी लावलेल्या रोपांची नोंद ‘माय प्लांट’ या मोबाईल अ‍ॅपवर करता येत असे. पुढे लावलेली झाडे आणि जगलेली झाडे यांवरून वाद झाला व 2021 साली चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. नोंद ही नोंदच असते. काम झाले की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

म्हणून व्यापारी बंधूंनी फलक लावताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

1) काय मोजायचे ते आधी ठरवा. आम्ही आता विसार जमा झालेलेच जोड मोजतो.

2) फॉर्ममध्ये नाव, फोन, माप आणि जोडांची संख्या विचारा. उत्तरे आपोआप गूगल शीटमध्ये उतरतात. शेजारी ‘विसार’ असा रकाना करून पैसे मिळाल्यावर स्वतःच्या हाताने ‘जमा’ लिहा.

3) एकच फोन नंबर दोनदा आला तर विचारून खात्री करा आणि दुबार नोंद वगळा.

4) ‘समइफ’ सूत्राने फक्त ‘जमा’ ओळींतील जोडांची बेरीज घ्या, तिला उद्दिष्टाने भागा आणि शंभराने गुणा.

समजा, उद्दिष्ट 200 जोडांचे आहे आणि अर्जांत 130 जोड आले. त्यांत 12 दुबार, 28 विसाराविना. उरले 90. म्हणजे फलकावर 65 टक्के नव्हे, 45 टक्के दिसले पाहिजेत. ठाणही तेवढ्याच हिशेबाने मागवावे.

5) बेरीज वेगळ्या पानावर घ्या आणि ‘पब्लिश टू वेब’मध्ये तेवढेच पान निवडा. संपूर्ण शीट उघडी टाकली तर गिऱ्हाइकांची नावे व फोन नंबर चव्हाट्यावर येतात. ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

6) कोणी ऑर्डर रद्द केली तर ‘जमा’ शब्द काढा. आकडा खाली येईल, येऊ द्या.

फलकावर ‘विसार मिळालेले जोड’ असे स्पष्ट लिहावे आणि खाली तारीख टाकावी. मोठा आकडा पाहून दोन गिऱ्हाइके जास्त येतीलही. पण तो खोटा निघाला तर पुढच्या जूनमध्ये आपल्या फलकावर कोणी विश्वास ठेवणार नाही.