ध्वनिमुद्रक निवडताना

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन तुमच्यापैकी अनेकांनी घेतले असेल. समजा, कऱ्हेकाठच्या या गावात तुमची आजी राहते आणि तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली. आता ओव्या म्हणणारेही थोडेच उरले. त्या आजीच्या आवाजात जपायच्या, तर ध्वनिमुद्रक हवा. घरचा संगणक मात्र लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा! मग ध्वनिमुद्रक कोणता घ्यावा?

हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. तो ठेवा आजही ऐकता येतो. आपलेही काम असेच टिकले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेतील कंपने. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या दाबातील चढउतारांत रूपांतर करतो. यंत्र हा दाब सेकंदाला साधारणतः ४४,१०० वेळा मोजते आणि प्रत्येक माप आकड्यात लिहिते. इतक्या वेळा कशासाठी? आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कंपन नीट पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. एका मापाला २ बाइट जागा धरली, तर सेकंदाला ८८,२०० आणि तासाला सुमारे ३१ कोटी ७५ लाख बाइट होतात. म्हणजे ८ गिगाबाइटच्या कार्डावर २५ तास मावतील!

खरी मेख पुढेच आहे. हे आकडे कोणत्या पद्धतीने लिहिले? १९९१ साली आलेल्या ‘वेव्ह’ फाइलची रचना सर्वांना ठाऊक आहे. लिनक्सवर ती सहज वाजते. ‘एमपी३’ही वाजते, पण जागा वाचवण्यासाठी तीत आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. डीएसएससारख्या फाइली उघडायला मात्र बहुधा निर्मात्याचीच आज्ञावली लागते, आणि ती लिनक्ससाठी नसते. मग आवाज आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे!

म्हणून विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा:

१. संगणकाला जोडताच तो पेनड्राइव्हसारखा दिसतो का? तसे असेल तर वेगळी आज्ञावली लागत नाही.

२. तो ‘वेव्ह’ फाइल तयार करतो का?

३. कार्ड बाहेर काढता येते का? मग केबल बिघडली तरी आवाज अडकून पडत नाही.

मोबाइल वापरणार असाल, तर त्यालाही हेच प्रश्न विचारा.

करून पाहा: वर सांगितल्याप्रमाणे एका मायक्रोफोनने २ मिनिटे ध्वनिमुद्रण करा. फाइल सुमारे १ कोटी ६ लाख बाइटची भरली पाहिजे. दुप्पट भरली, तर यंत्राने डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगळे नोंदले आहेत. फारच कमी भरली, तर? उत्तर तुम्हीच शोधा. आणि आजीकडे जाण्यापूर्वी शोधा!