पहिला घास

जेवायला बसलो की हात आधी कुठे जातो? ताटात. पोटात भूक असते, त्याला इलाज नाही. तरी पण घास उचलण्याआधी क्षणभर थांबावे, अशी चाल पुष्कळ धर्मांत आहे. आपल्याकडे कोणी श्लोक म्हणतात, कोणी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात. मुसलमान बांधव काय करतात, ते आज पाहू.

आधी ते हात धुतात. मग दस्तरखान अंथरतात. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी अंथरायचे कापड. त्याभोवती सारे बसतात आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणतात. हा अरबी बोल आहे. त्याचा अर्थ, ‘अल्लाच्या नावाने’. मग उजव्या हाताने, आपल्या पुढ्यातले खातात. सुरुवातीला नाव घ्यायचे राहून गेले तर? तर मध्येच आठवेल तेव्हा घ्यावे, अशी पैगंबर मुहंमद यांची शिकवण आहे. जेवण झाले की ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतात. म्हणजे, सारी स्तुती अल्लाची.

अन्नाची उधळपट्टी करू नये, असे कुराणात बजावले आहे. पोट गच्च भरू नये, हेही पैगंबरांनी सांगितले. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सन १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जाई. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी खायची. एके दिवशी शेजारच्या चाचांनी हाक मारली, “ये रे पोरा, बस जेवायला.” त्यांच्या घरात माणसे चार आणि भाकऱ्या दोन. चाचांनी मला अर्धी भाकरी दिली. मी लगेच घास तोंडात कोंबला. त्यांची पोरे मात्र थांबली होती.

चाचा रागावले नाहीत. म्हणाले, “बाळ, आधी नाव घे. तुझ्या देवाचं घे. ही भाकरी कुणी कुणी दिली, ते आठव.”

मी थांबलो. वर पाहिले. चाचीच्या पुढ्यात काहीच नव्हते! तिचा वाटा माझ्या हातात होता. मी उरलेली भाकरी पुढे केली. “खाऊ दे की त्याला,” चाची म्हणाली. चाचांनी तिचे दोन तुकडे केले. एक चाचीला दिला, एक मला.

मी तसाच खात राहिलो असतो, तर मला ते दिसलेच नसते.

मंडळी, आज जेवताना एवढे करून पाहा. पहिला घास उचलण्याआधी थांबा. आपल्या देवाचे नाव घ्या. देव मानत नसाल, तर पेरणाऱ्याची आणि रांधणाऱ्याची आठवण करा. मग घरात नजर फिरवा. पुष्कळ घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. तिच्यासाठी टोपलीत काय उरले आहे, ते आधी पाहा.

प्रश्न

१. ‘बिस्मिल्लाह’ म्हणजे काय?

२. चाचीच्या पुढ्यात भाकरी का नव्हती?

३. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?